देणाऱ्याचे खाते जमा

गेल्या महिन्यात एक मेल आला. जिथून मी एम.बी.ए. केलं त्या संस्थेकडून. सुरुवात 'प्रिय माजी विद्यार्थी' अशी. इतक्या वर्षांत या मंडळींनी मला एकदाही प्रिय म्हटलं नव्हतं, त्यामुळे जरा सावरूनच पुढे वाचलं. यंदा नवी माहितीपुस्तिका छापायची आहे, तिच्यात 'आमचे यशस्वी विद्यार्थी' असं एक पान आहे, त्यासाठी दीडशे शब्दांचं मनोगत आणि सूट-टायमधला फोटो पाठवावा, अशी विनंती होती. मला लिहायला वेळ नसेल तर सोयीसाठी नमुनाही जोडला होता. 'आज मी जो काही आहे तो केवळ माझ्या संस्थेमुळे...' नाव, हुद्दा आणि कंपनी एवढ्या तीन जागा तेवढ्या रिकाम्या. आणि मेलचा विषय काय? 'कृतज्ञता व्यक्त करण्याची संधी'!

एरवी असला मेल मी पुसून टाकला असता. पण त्याच रविवारी माझा भाचा घरी आला. बी.कॉम. झालंय, एम.बी.ए. करायचंय. हातात त्याच संस्थेची गेल्या वर्षीची पुस्तिका. दोन वर्षांचा खर्च राहण्याजेवण्यासकट अकरा लाखांच्या घरात जातो, बँक एवढ्या रकमेला तारण मागते, आणि तारण म्हणून गडहिंग्लजचं राहतं घर आहे. मेव्हण्यांनी होकार दिलाय. मी त्याला मेलचं सांगितलं तर पोरगं एकदम खुललं. म्हणालं, "मामा, तुझा बी फोटो येणार न्हवं त्यात? मग काय बघायचंच नाही."

त्या वाक्यानंतर मेल पुसणं काही जमलं नाही.

आता हे वाचून कुणी म्हणेल, दीडशे शब्दच तर आहेत, चार बऱ्या गोष्टी लिहिल्या तर काय बिघडतं? शिकलास ना तिथे? मग आभार मानायला जीभ का जड होते? तर मंडळी, माझी जीभ आभाराला जड होत नाही. खोट्या खतावणीला होते. हा फरक समजावून सांगायचा तर थोडं मागून सांगावं लागेल.

माझे वडील कोल्हापूरच्या मार्केट यार्डात एका गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. सकाळी सौदे निघायचे, गुळाचे रवे मोजले जायचे, आणि दुपारी बाबा रोजकीर्द लिहायला बसायचे. अकरावीत मला पुस्तपालन हा विषय आला तेव्हा पहिला नियम शिकवला: घेणाऱ्याचे खाते नावे, देणाऱ्याचे खाते जमा. मी घरी येऊन मोठ्या तोऱ्यात तो बाबांना सांगितला. ते म्हणाले, "बरोबर आहे. पण एक लक्षात ठेव. रक्कम चुकली तर संध्याकाळी सापडते, ताळा बसत नाही. खातं चुकलं तर ताळा बसतो, आणि चूक वर्षानुवर्षं तशीच चालते. पांडबाचे पैसे खंडबाच्या नावावर जमा केलेस तरी बेरीज बरोबरच येणार!"

कृतज्ञतेच्या बाबतीत आपल्याकडे नेमकं हेच चाललंय. आभार मानणारे पुष्कळ आहेत, बेरीजही जुळते, पण जमा भलत्याच्याच खात्यावर होते.

माझ्या खात्यावरच्या नोंदी आता क्रमाने सांगतो.

पहिली नोंद बी.कॉम.ची. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असलेलं कोल्हापुरातलं एक अनुदानित महाविद्यालय. तीन वर्षं, मराठी माध्यम. तिन्ही वर्षांची मिळून जी फी भरली ती पुढे एम.बी.ए.च्या एका महिन्याच्या खर्चात आरामात बसली असती. वर्गात ऐंशी-नव्वद पोरं, पंखे दोन, त्यातला एक चालू. इथे 'पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट' नावाचं काही नव्हतं. पण कॉस्टिंगचे एक सर होते. धुवट पांढरा शर्ट, सायकल, आणि बोलणं असं की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावं हे रागावलेत. सर पुस्तकातली कारखान्याची उदाहरणं सोडून सरळ महाद्वार रोडवरच्या दुकानांची उदाहरणं घ्यायचे. "विकलं म्हणजे पैसे आले असं नसतं रे. मालात किती अडकले, उधारीत किती अडकले, आणि ते किती दिवसांनी सुटतात, ते मांडा. नफा नंतर बघू." हे वाक्य आम्ही त्यांची नक्कल करताना इतक्या वेळा म्हटलं की ते पाठच झालं. त्याचा उपयोग काय हे मात्र तेव्हा काडीचं कळलं नाही.

दुसरी नोंद एम.बी.ए.ची, २००७ ते २००९. वर्षं नीट वाचा! प्रवेश घेतला तेव्हा शेअर बाजार आभाळाला टेकायच्या बेतात होता आणि संस्थेच्या दारात कंपन्यांच्या नावांचा भलाथोरला फ्लेक्स होता. तीन लाखांचं कर्ज काढलं. दुसऱ्या वर्षाला गेलो, आणि १५ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली. ७ जानेवारी २००९ ला आपल्याकडे सत्यमच्या रामलिंग राजूंचं पत्र बाहेर आलं, ताळेबंदात दाखवलेली रोकड मुळात नव्हतीच असं सांगणारं. आमच्या वर्गात 'कॉर्पोरेट गव्हर्नन्स' या विषयाचा धडा अर्ध्यावर होता. तो पुढे कधी पूर्ण झाला नाही.

फ्लेक्सवरच्या कंपन्यांपैकी एखाद-दुसरी आली, बाकीच्या फिरकल्याच नाहीत. फेब्रुवारीत प्लेसमेंटच्या ऑफिसात एकेकाला बोलावून एक छापील अर्ज पुढे ठेवला गेला: 'मी घरच्या व्यवसायात जाणार असल्याने कॅम्पस प्लेसमेंटमध्ये भाग घेऊ इच्छित नाही.' सही कर, म्हणाले, नाहीतरी तुझं कठीणच आहे. आमचा घरचा व्यवसाय म्हणजे दुसऱ्याच्या घरच्या व्यवसायाचा हिशेब लिहिणे! पण सही केली. चोविसाव्या वर्षी, डोक्यावर कर्ज असताना, समोर टेबलापलीकडे ज्यांच्या हातात इंटर्नल मार्क आहेत अशी माणसं बसलेली असताना माणूस सही करतो. वर्गात साठ जण होतो. बावीस जणांनी अशा सह्या केल्या. उरलेल्या अडतीस जणांना मे महिन्यापर्यंत काही ना काही मिळालं. पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत छापून आलं: 'शंभर टक्के प्लेसमेंट'. गंमत अशी, की हे खोटं नव्हतं! अडतीसपैकी अडतीस. रक्कम बरोबर, ताळा बरोबर. बावीस माणसं कुठल्या खात्यावर गेली, ते विचारायचं नाही.

सरासरी पगाराचंही तेच. दहा जणांपैकी नऊ जणांना तीन-तीन लाख आणि एकाला अठरा लाख मिळाले तर सरासरी साडेचार लाख येते. त्या दहांतल्या एकालाही साडेचार लाख मिळालेले नसतात. सगळ्यांना उतरत्या क्रमाने उभं करून मधल्या माणसाला विचारलं तर तो तीन लाख सांगेल. पण मधल्या माणसाचा फोटो पुस्तिकेत कोण छापतो? हे काही अवघड गणित नाही, आम्हाला ते याच संस्थेत संख्याशास्त्राच्या तासाला शिकवलं होतं.

तिसरी नोंद पहिल्या नोकरीची. मे ते ऑक्टोबर सहा महिने घरी होतो. बाबांच्या शेजारी बसून कीर्द लिहायचो. ते कधी काही बोलले नाहीत, पण मार्केट यार्डात कुणी 'पोरगं एम्बीए झालं न्हवं?' असं विचारलं की ते चष्मा पुसायला घ्यायचे. दिवाळीच्या सुमारास रंकाळ्यावर कॉस्टिंगचे सर भेटले. सायकल थांबवून त्यांनी चौकशी केली, सगळं ऐकलं, आणि म्हणाले, "सोलापूरला माझा एक जुना विद्यार्थी एरिया मॅनेजर आहे. चिठ्ठी देतो. नोकरी त्याने द्यायची की नाही ते तो ठरवेल, पण भेटेल तरी." एम.बी.ए.च्या संस्थेने मला नोकरी लावली, असं आज माझं मनोगत सांगणार आहे. प्रत्यक्षात ती बी.कॉम.च्या मास्तरांच्या चिठ्ठीने लागली, एम.बी.ए. होऊन सहा महिने उलटल्यावर.

बिस्किटं आणि फरसाण विकणारी कंपनी. पद 'सेल्स ऑफिसर', कागदावर महिना अठरा हजार. आता हे अठरा हजार सोडवून दाखवतो, कारण भाच्यासारख्या पोरांना ते कुणी सोडवून दाखवत नाही. त्यातले तीन हजार टार्गेट झालं तर मिळणार. दोन हजार पेट्रोलचे, ते पेट्रोलातच जाणार. मूळ पगार सात हजार, त्यावर बारा टक्क्यांनी प्रॉव्हिडंट फंड, माझा आणि कंपनीचा मिळून सोळाशे ऐंशी. वर ग्रॅच्युइटीचे तीनशे सदतीस, जी तेव्हाच्या नियमाने पाच वर्षं टिकलो तरच हाती येणार. हातात राहिले अकरा हजारांच्या आसपास. मे २०१० पासून कर्जाचा हप्ता सुरू झाला, साडेसहा हजारांच्या वर. उरलेल्या पैशांत खोली, मेस आणि सोलापूरचा उन्हाळा. ग्रॅच्युइटी या शब्दाच्या मुळाशी म्हणे कृतज्ञताच आहे. निदान कायद्याला तरी कळलं होतं, की पहिल्याच दिवशी कृतज्ञता दाखवायची नसते, आधी काही वर्षं जाऊ द्यावी लागतात.

आता ज्यासाठी हे सगळं सांगतोय ती गोष्ट. आमच्या धंद्यात दोन शब्द आहेत, प्रायमरी आणि सेकंडरी. कंपनीने डिस्ट्रिब्युटरला माल दिला की प्रायमरी. डिस्ट्रिब्युटरने तो दुकानदारांना विकला की सेकंडरी. टार्गेट प्रायमरीवर मोजलं जायचं. त्यामुळे मार्च महिन्यात काय चालतं, हे ज्याने केलंय त्याला सांगायला नको. गरज असो वा नसो, माल डिस्ट्रिब्युटरच्या गोडाऊनमध्ये कोंबायचा. मार्च २०१० मध्ये मीही कोंबला. बार्शी रस्त्याच्या एका डिस्ट्रिब्युटरचा माल सहा लाखांवरून बारा लाखांवर नेऊन ठेवला. स्कीम आहे, पुढच्या महिन्यात क्लेम देतो, तुम्ही बिल तर होऊ द्या, असं सगळं बोललो. एम.बी.ए.त शिकलेलं 'कन्व्हिन्सिंग' तेव्हा पहिल्यांदा कामी आलं. तीन हजारांचा इन्सेंटिव्ह मिळाला, बाबांना शर्टपीस पाठवलं.

जूनमध्ये त्या माणसाने फोन करून बोलावलं. गोडाऊनचं शटर वर केलं. आत छतापर्यंत खोकी. उन्हाळ्याने फरसाणाला वास सुटलेला, बिस्किटांच्या तारखा संपायला आलेल्या. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "काय साहेब, हे आता कुठं नेऊन विकू, तुम्हीच सांगा की." वयाने ते बाबांएवढे होते आणि मला साहेब म्हणत होते. दुकानात गल्ल्याच्या वर लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी त्यांचं पदवीचं प्रमाणपत्र लावलेलं होतं. शिवाजी विद्यापीठ, बी.कॉम. (सोलापूरचं स्वतंत्र विद्यापीठ २००४ साली झालं, त्याआधी तो जिल्हा शिवाजी विद्यापीठाकडेच होता.) म्हणजे माझ्याच विद्यापीठाचा माणूस. त्यांनीही कुठल्याशा वर्गात तोच नियम शिकला असणार, देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा.

त्या रात्री खोलीवर सरांचं वाक्य आठवलं आणि कागद घेऊन बसलो. महिन्याची विक्री आठ लाख. मार्जिन पाच टक्के, म्हणजे चाळीस हजार. टेम्पो, दोन पोरं, गोडाऊन भाडं मिळून बावीस हजार. राहिले अठरा हजार, वर्षाचे दोन लाख सोळा हजार. माझ्या आधी मालात सहा लाख आणि उधारीत चार लाख अडकलेले होते, एकूण दहा. म्हणजे गुंतवणुकीवर साडेएकवीस टक्क्यांच्या वर सुटत होते. मी माल बारा लाखांवर नेला, विक्री आहे तेवढीच. गुंतवणूक झाली सोळा लाख. दोन लाख सोळा हजार भागिले सोळा लाख. साडेतेरा टक्के. आणि बँकेच्या कॅश क्रेडिटचं व्याज ते जवळपास तेवढंच भरत होते! म्हणजे मी एका सहीत त्या माणसाला त्याच्याच दुकानात बँकेचा नोकर करून ठेवलं होतं. खराब माल तर अजून मोजलाच नव्हता.

कागद घेऊन एरिया मॅनेजरकडे गेलो. वाटलं, हाकलतील. त्यांनी कागद वरून खाली वाचला आणि हसले. "हा सरांचाच कागद आहे," म्हणाले. पुढच्या तीन-चार महिन्यांत थोडा माल इतर रूटवर फिरवला, थोडा कंपनीने परत घेतला. पुढच्या मार्चमध्ये मी टार्गेट चुकवलं, बोलणी खाल्ली, इन्सेंटिव्ह गेला. पण तो डिस्ट्रिब्युटर टिकला. माझं करिअर नावाचं जे काही आहे ते तिथून सुरू झालं असं मी मानतो. त्यानंतर जिथे जिथे गेलो तिथे लोकांनी मला याच एका गोष्टीसाठी ठेवून घेतलं. हा माणूस माल कोंबत नाही, आणि का कोंबत नाही ते कागदावर मांडून दाखवतो.

आता पुन्हा त्या मेलकडे या. संस्था जे मोजते ती प्रायमरी विक्री आहे. ऑफर लेटर हातात पडलं, विद्यार्थी दाराबाहेर गेला, विक्री झाली! तो तीन वर्षांनी कुठे आहे, हप्ता फेडतोय की बापाची पेन्शन खातोय, हा सेकंडरीचा प्रश्न. तो कुणी विचारत नाही. आणि माझं मनोगत म्हणजे काय? मार्च महिन्यात मी बार्शी रस्त्यावर जे बोललो तेच. स्कीम आहे, माल हलतोय, तुम्ही बिल तर होऊ द्या. फरक इतकाच, की या वेळी गोडाऊन गडहिंग्लजला आहे, माझ्या बहिणीचं.

म्हणून मी म्हणतो, जाहिरातीला कृतज्ञता म्हणू नका. जाहिरात करा, खुशाल करा, पण तिला तिच्या नावाने हाक मारा. कृतज्ञतेचं नाव घेऊन जाहिरात मागणं म्हणजे देवळाची दानपेटी दुकानात ठेवण्यासारखं आहे.

पण थांबा. इथवर वाचून ज्यांनी टाळ्या वाजवायला हात वर केलेत त्यांच्याशीही माझं भांडण आहे. आमच्याच बॅचचा एक मित्र आहे, स्वतःची कंपनी आहे, भाषणं देतो. त्याचं ठरलेलं वाक्य म्हणजे 'कॉलेजने मला काहीही शिकवलं नाही, मी रस्त्यावर शिकलो.' पोरं शिट्ट्या मारतात. अरे बाबा, तू रस्त्यावर शिकलास, पण तो रस्ता वाचता यायला तुला अक्षरं कुणी दिली? तुझा पहिला ग्राहक आपल्याच वर्गातल्या मुलीचे वडील होते, हे मला माहीत आहे. तुझा पहिला ताळेबंद वसतिगृहातल्या माझ्या खाटेवर बसून आपण रात्री दोन वाजता केला होता. ज्याने काही दिलं त्याचं खातं कोरं ठेवणं ही दुसरी खोटी खतावणी. पहिलीत भलत्याला जमा, दुसरीत कुणालाच नाही. 'सेल्फ-मेड' हा शब्द मला कीर्दीत कुठे लिहायचा तेच कळत नाही. एकाच माणसाचं खातं नावेही आणि जमाही?

तेव्हा एम.बी.ए.च्या संस्थेचं जे आहे ते जमा करतो. चार माणसांसमोर उभं राहून इंग्रजीत बोलायची भीती तिथे गेली. एक्सेल तिथे शिकलो. एका बँकेतले अधिकारी शनिवारी शिकवायला यायचे, कर्जाचा प्रस्ताव कसा वाचायचा ते त्यांनी शिकवलं. ते आजही रोज उपयोगी पडतं. वसतिगृहातले चार मित्र आजही रात्री-अपरात्री फोन उचलतात. हे सगळं तीन लाखांचं होतं का? थोडं कमी होतं. पण शून्य नव्हतं. आणि ज्या शिक्षकांना तेव्हा आमच्यापुढे तो अर्ज ठेवायला लावला ते मनातून खूश नसणार, हेही आज कळतं. त्यांच्याही डोक्यावर टार्गेट होतंच.

मग मोठी रक्कम कुणाच्या खात्यावर? अर्थात विद्यापीठाच्या. ज्याने माझ्याकडे कधी मनोगत मागितलं नाही त्या विद्यापीठाच्या. १८ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं. त्याआधी आमच्या भागातल्या कॉलेजांची सूत्रं पुण्याहून हलायची. विद्यापीठ कोल्हापुरात आलं म्हणून तालुक्या-तालुक्यात कॉलेजं वाढली, आणि दिवाणजीचा पोरगा मराठीत पेपर लिहून पदवीधर झाला. त्याच कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी १९०१ पासून एकेका समाजाच्या पोरांसाठी वसतिगृहं काढली. तिथे राहून गेलेल्यांकडून सूट-टायमधला फोटो मागितल्याचं काही ऐकिवात नाही.

दोन वर्षांपूर्वी सरांना भेटायला गेलो होतो. निवृत्त झालेत, कानाने कमी ऐकू येतं. मी ही सगळी गोष्ट सांगितली, कागदाची, गोडाऊनची. म्हटलं, सर, हे तुमच्या खात्यावर जमा. सर तसेच रागावल्यासारखे म्हणाले, "माझं कसलं? मला पगार मिळत होता. तो सरकार देत होतं. सरकार कुठून देतं? तुझ्या बाबांच्या अडतीवरचा हमाल काडेपेटी घेतो, साबण घेतो, त्यावर कर भरतो. त्याच्या नावावर जमा कर." असं म्हणून चहा मागवला. सर कॉस्टिंगचे ते कॉस्टिंगचेच. शेवटची पै कुठून आली ते शोधल्याशिवाय सोडत नाहीत.

आणि म्हणून मला आजच्या कृतज्ञता-सोहळ्यांचा जास्तच राग येतो. आज आमच्या भागातल्या कितीतरी अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत. तिथे तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या हिशेबाने, पोरं शिकवतायत. पीएच.डी. झालेली, नेट-सेट झालेली पोरं. सुट्ट्या लागल्या की त्यांचा पगार बंद. यांच्यातला कोण पुढे रंकाळ्यावर सायकल थांबवून चिठ्ठी देणार आहे? त्याची स्वतःचीच चिठ्ठी कुणाकडे तरी पडलेली असते. ज्यांना खरंच ऋण फेडायचंय त्यांनी याबद्दल बोलावं. स्नेहमेळाव्यात बारा कोर्सचं जेवण आणि स्टेजवर शाल-श्रीफळ हे ऋण फेडणं नव्हे. ऋण घेणाऱ्याच्या समाधानाने फिटत नसतं. देणारा होता तिथे पुन्हा देणारा उभा राहिला, तर फिटतं.

भाच्याला मी जाऊ नको म्हटलं नाही. तो माझा निर्णय नाही. एका कागदावर पाच प्रश्न लिहून दिले. प्रवेश किती जणांनी घेतला, आणि प्लेसमेंटला किती जणांना बसू दिलं? सरासरी नको, मधल्या माणसाचा पगार किती? त्यातला हातात किती? तीन वर्षांपूर्वी गेलेल्यांपैकी कुणाही पाच जणांचे नंबर देता का, तुम्ही निवडलेल्यांचे नको, हजेरीपटातून मी निवडेन त्यांचे? आणि हे आकडे बाहेरच्या कुणाकडून तपासून घेतलेत का? शेवटचा प्रश्न अगदीच हवेतला नाही. आयआयएम अहमदाबादने २०११ च्या सुमारास प्लेसमेंटचे आकडे ठरलेल्या नमुन्यात मांडून, तपासून घेऊन जाहीर करायची पद्धत सुरू केली. त्यात सर्वात कमी पगार आणि मधला पगार दोन्ही दिसतात. ज्यांना लपवायला सर्वात कमी आहे त्यांनी दाखवलं. बाकीच्यांनीही दाखवावं.

आणि संस्थेला उत्तर पाठवलं. बरोबर दीडशे शब्दांत, मोजून. वर्ष, कर्जाची रक्कम, मी केलेली सही, पहिली नोकरी कितव्या महिन्यात आणि कुणाच्या चिठ्ठीने, हातात पडलेला पगार. पुढे एक्सेल, इंग्रजी आणि शनिवारचे ते बँकवाले सर, यांचे मनापासून आभार. खाली लिहिलं, की एकही शब्द न गाळता छापणार असाल तर फोटोही पाठवतो, सूट नाही पण शर्ट चांगला आहे.

अजून उत्तर आलेलं नाही. भाच्याच्या पाच प्रश्नांनाही नाही. मेव्हण्यांनी तूर्त घराची कागदपत्रं बँकेतून परत आणून कपाटात ठेवलीत.

असो. बाबा आता थकलेत, पण अजून सकाळी उठल्यावर एका जुन्या वहीत घरखर्च लिहितात. परवा त्यांना हे सगळं वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्या हमालाचं नाव काय होतं ते तरी लिहायचं."

मला ते माहीत नव्हतं.